काळी काच लावत जा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आम्ही रात्री पावणेबाराला घरी पोचलो. स्वारगेटला दहिवडीची गाडी चुकली, फलटणपर्यंत उभ्याने आलो. तुझी आई रस्ताभर बोलली नाही. निघताना मीही तुझ्याशी नीट बोललो नाही. तू पायरीवर उभी राहून हात हलवत होतीस आणि मी उगाच पिशवीचा बंद आवळत बसलो. बाकी काही सांगायचं नाही. वेल्डिंगला उभी राहशील तेव्हा काळी काच लावत जा, एवढंच.

तू विचारलंस, "तुम्हाला अजून वाटतं का, मी फार्मसीला जायला हवं होतं?" खरं सांगू? वाटतं. थोडं वाटतं. पाहुणे विचारतात, पोरगी पाबळला काय शिकते? मी म्हणतो विज्ञान आश्रम. पुढं विचारलंच तर वेल्डिंग, वायरिंग, कोंबड्या, शेती असं सगळं सांगावं लागतं. मग त्यांचे चेहरे बघत बसायचं.

पण परवा खालच्या विहिरीवरची मोटर जळली. विजेचा एक फेज गेला, ती गुरगुरली, तापली, संपली. बाळू आणि मी तिला मोटारसायकलवर मधे धरून दहिवडीला नेली. मोटरची जळालेली तार नव्यानं भरणारा वाइंडिंगवाला म्हणाला, चार दिवस. पाऊस लांबलाय, चार दिवसांत कांद्याच्या रोपाचं काय होतं ते तुला माहीत आहे. सगळ्या वाडीत वाइंडिंग भरणारं एक माणूस नाही. आपल्या पोरांनी डिग्र्या घेतल्या आणि पुणं गाठलं. मी कोणत्या तोंडानं बोलू? मीही पुण्यात राहायलाच शिकलो होतो. परत आलो तो कंपनी बंद पडली म्हणून.

तुझ्या आजोबांचं, तात्यांचं तसं नव्हतं. ते साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, अण्णांनी १९२४ साली काढलेलं ते. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, कष्ट करून शिकायचं. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी मंगळसूत्र विकलं, हे सांगताना तात्या दर वेळी थांबायचे. सातवीची फायनल होऊन ते वाडीतच आले. संध्याकाळी देवळात कंदील लावून शिकवायचे. बाया कार्ड वाचून घ्यायला यायच्या. एक माणूस शिकला आणि सबंध वाडीची पत्रं वाचली गेली.

हे भाषण झालं. राहू दे.

तुझं तरी दुसरं काय होतं? शाळेत तो तंत्रज्ञानाचा विषय होता तेव्हा तुम्ही पोरांनी समाजमंदिराचं वायरिंग केलं. ग्रामपंचायतीनं सामानाचे पैसे दिले आणि वर मजुरी शाळेला. मी हसलो होतो. मग तुम्ही बायांचं रक्त तपासलं आणि तुझ्या आईचं हिमोग्लोबिन सातावर आहे हे डॉक्टरांच्या आधी तुमच्या वर्गाला कळलं. ते मी कुणाला सांगत नाही, पण विसरलेलो नाही. तुमचा आश्रम काढणारे कलबाग सर अमेरिकेत पीएचडी करून, मोठी नोकरी सोडून, १९८३ साली दुष्काळी पाबळला का आले असतील, ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

तरी काच लाव. तू म्हणशील, पप्पा, तिथं सर उभे असतात. असतात गं. पण "एकच टाका तर मारायचाय" म्हणून माणूस काच वर करतो, तिथंच चुकतं. मी अकरा वर्षांचा असताना ट्रॉली जोडताना बघत बसलो होतो. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. तात्या पहाटेपर्यंत ओल्या पट्ट्या बदलत होते आणि मला शिव्या देत होते. मुलगी म्हणून भितो असं तू एसटीत म्हणालीस. तसंही असेल. बाळूला मी इतक्यांदा सांगितलं नसतं, हे कबूल.

शेंगदाण्याची चटणी एकटीनं संपवू नकोस. आक्कीच्या तारखेचं अजून ठरलेलं नाही, ठरलं की कळवतो.

खर्च ऐकून नवीच मोटर घेतली. जुनी परत आणली, भंगारात घातली नाही. गोठ्यात पोत्याखाली ठेवलीय. दिवाळीला येशील तेव्हा उघडून बघ.

तुझे पप्पा

ता. क. काचेला तडा गेला की ती वापरायची नाही, दुसरी मागून घे. लाजू नकोस.