हप्ता बांधायच्या आधी मोबाईल पाठवून दे

अंबाजोगाई,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "अण्णा, नवा मोबाईल घ्यायलोय, बहात्तर हजाराचा, चोवीस हप्त्यांत." मी नुसतं "बरं" म्हटलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि हे बोलणं घाईत उरकण्यासारखं नव्हतं. आज रविवार, गर्दी नाही, म्हणून शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

तुझ्या तक्रारी माझ्या लक्षात आहेत. दुपारी चारलाच चार्जिंग संपतं, वीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो आणि मधूनच अडकत चालतो. बाळा, ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. तुझी बॅटरी थकलीय, मोबाईल थकलेला नाही.

आपल्या शिवारातल्या पाझर तलावात दरवर्षी थोडा थोडा गाळ बसतो, मग तलाव काठोकाठ दिसला तरी पाणी कमीच मावतं. लिथियम बॅटरीचं तसंच आहे. प्रत्येक चार्जिंगला आतल्या ग्राफाइटवर एक बारीक थर चढतो, त्यात थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं. बऱ्याच मोबाईलची बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद ८० टक्क्यांवर येते. अलीकडे काही कंपन्या १,००० वेळांपर्यंत सांगतात, पण तुझा मोबाईल तीन वर्षांपूर्वीचा आहे आणि तू दिवसातून दोनदा चार्ज करतोस. वीस टक्क्यांवर बंद पडण्याचं कारणही तेच. उन्हाळ्यात विहिरीवर मोटार टाकली की वर पाणी दिसतं, पण मोटारीनं जोरात ओढलं की झरा पुरत नाही आणि मोटार हवा घ्यायला लागते. तू कॅमेरा उघडतोस तेव्हा मोबाईल एकदम जास्त करंट मागतो, थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि फोन बंद होतो.

हे मोठ्या कंपन्यांनाही ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते, अचानक बंद पडू नयेत म्हणून. लोक चिडले, तेव्हा कंपनीनं बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतला दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. नवी बॅटरी बसवली की तेच जुने फोन परत पळायला लागले. त्याआधी किती जणांनी "मोबाईल जुना झाला" म्हणून नवा घेतला असेल, या विचारानं मला आजही हळहळ वाटते.

तू म्हणशील, मग ही बॅटरी बदलणं इतकं अवघड का करून ठेवलंय? हा प्रश्न मला रोज बाकावर बसल्यावर पडतो. तू लहान असताना मी नोकिया ११०० दुरुस्त करायचो. २००३ साली आलेला, वर टॉर्च, धूळ जाऊ नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड. जगात पंचवीस कोटींवर विकला गेला. पाठ नखानं सरकवायची, बीएल-५सी बॅटरी काढायची, दुसरी टाकायची. तूच शाळेतून आल्यावर गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचास, आठवतं? आता मी आधी मशीनवर पाठ तापवतो, गोंद मऊ व्हायची वाट बघतो, मग कडेनं पातळ कार्ड घालून मिलिमीटर मिलिमीटरनं पुढं सरकतो. जरा घाई झाली की काच तडकते. आत गेल्यावर बॅटरीसुद्धा चिकटवलेलीच. तिच्या कडेनं अल्कोहोल सोडायचं, गोंदाची पट्टी हळूहळू ओढायची, फ्लेक्स म्हणजे आतली पातळ चपटी वायर जपायची. ओढताना बॅटरी वाकली, तर पेट घेण्याची भीती. एवढं करून मी ती बदलतोच, पण नवशिक्या पोराच्या हातात मी ते काम देत नाही.

या गोंदानं पाणी आत जात नाही आणि फोन पातळ होतो, हे खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या वस्तूचा एक भाग तीन वर्षांत झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तो भाग सहज निघेल असा ठेवायला हवा. आपण सायकल घेतो तेव्हा टायर चिकटवलेलं घेत नाही. युरोपात आता १८ फेब्रुवारी २०२७ पासून, वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा नियम लागू होतोय. त्यात सवलतीही ठेवल्यात, तरी तिकडच्या माणसांनी तो विषय कायद्यात आणला याचा मला आनंद आहे. काचेच्या पाठीचंही मला कधी पटलं नाही. वायरशिवाय चार्जिंग धातूतून होत नाही म्हणून काच लावतात. मग ती निसटते, फुटते, म्हणून माणूस पहिल्याच दिवशी वर रबरी कव्हर चढवतो. ज्या चकाकीचे पैसे दिले ती परत कधी दिसतच नाही.

कॅमेऱ्याचं तू फार कौतुकानं सांगितलंस, २०० मेगापिक्सेल. तो सेन्सर सोळा ठिपके एकत्र करून एक ठिपका बनवतो, म्हणजे रोजचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा निघतो. तुझा आत्ताचा ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार ठिपके जोडतो आणि तोही साडेबाराचाच फोटो देतो. लांबचं जवळ ओढून काढायचं असेल तर नव्याचा उपयोग होईल. तू मागच्या महिन्यात पाठवलेले फोटो मात्र मला छान दिसले.

आता पैशाचं. पैसा तुझा आहे, तुझ्या कष्टाचा आहे, त्यावर माझा हक्क नाही. पण "नो कॉस्ट", म्हणजे बिनव्याजी हप्ते, हे शब्द ऐकून भुलू नकोस. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आता व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्याच कार्डावर चढतो, वर प्रोसेसिंग फी. रोखीनं घेणाऱ्याला मिळाली असती ती सूटही गेली. आणि बहात्तर हजार म्हणजे किती, तर यंदाच्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावानं साडेतेरा क्विंटल सोयाबीन, तोही भाव मिळाला तर. आपल्या दोन एकरांत बऱ्या साली तेवढं होतं. यंदा सप्टेंबरच्या पावसात रान दहा दिवस पाण्याखाली होतं आणि चार पोतीसुद्धा धड निघाली नाहीत. हे आईनं तुला सांगितलं नसेल. तुला काळजी नको म्हणून, त्याला सांगू नका, असं तिनं मलाही म्हटलं होतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी धारूरकडची एक बाई दुकानात आली. फडक्यात गुंडाळलेला मोबाईल, पाच वर्षांपूर्वीचा, सात हजारांतला. फोल्डरला, म्हणजे पडद्याला, कोपऱ्यातून तडा, चार्जिंग घेईना. "दादा, नवा घ्या म्हणू नका," ती आधीच म्हणाली. "लेकरू आजीपाशी ठेवून चाललोत. संध्याकाळी त्याचं तोंड दिसलं पाहिजे." जॅकमध्ये सुईनं कोरलं तर माती आणि पाचटाचा भुसा निघाला, मागच्या हंगामातला. पिना गेलेल्या होत्या, मी चार्जिंगचा बोर्ड बदलला. केबल लावली आणि पडद्यावर बॅटरीचं चिन्ह उमटलं, तशी ती पुढं झुकून बघत राहिली. दहा टक्के झाल्यावर तिनं तिथूनच पोराला व्हिडिओ लावला. तो म्हणाला, "आई, तू अजून गेलीच न्हाईस?" माझ्या हातातला स्क्रू तसाच राहिला. त्या मोबाईलला आज बाजारात पाचशे रुपयेही येणार नाहीत.

जुनं कधीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेचा अपडेट, कोणत्या महिन्याचा आहे ते बघ. तुझे बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात, त्यामुळे अपडेट कायमचे थांबले असतील तर मीच तुला नवा घे म्हणेन. तेव्हा मेगापिक्सेल विचारण्याआधी अपडेट किती वर्षं देणार ते विचार. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षांचा शब्द दिलाय. बॅटरी आणि फोल्डर किती रुपयांत मिळतो, तेही घ्यायच्या आधी विचारायचं. दुकानदार चिडला तर चिडू दे.

ऑफिसात सगळ्यांकडे नवे आहेत, हे तू शेवटी हळूच बोललास, ते मी ऐकलं. तुला तिथं कमीपणा वाटत असेल तर मला वाईट वाटतं, पोरा. मीही तुझ्या वयात उसन्या बुटात लग्नाला गेलोय. पण तू कामाला लागून जेमतेम आठ महिने झालेत. खोलीभाडं, मेस, बस, आणि त्यावर दरमहा तीन हजार दोन वर्षं बांधून घेणं मला झेपण्यासारखं वाटत नाही.

तुझ्या मॉडेलची बॅटरी मी काल संभाजीनगरच्या घाऊक दुकानातून मागवली, बाराशेला पडली. या शनिवारी पाहुण्यांची गाडी पुण्याहून येणार आहे, त्यांच्याकडे मोबाईल दे. त्याआधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घे, सिम काढून ठेव. माझा जुना साधा फोन कुरिअरनं पाठवलाय, बुधवारपर्यंत मिळेल, दोन-चार दिवस त्यावर चालव. पाठ उघडून कडेचा गोंद नवा लावून देईन, चार्जिंगचा जॅकही साफ करतो. महिनाभर वापरून बघ. तेव्हाही नवाच घ्यावा वाटला तर सांग, मी तुझ्याबरोबर दुकानात येईन.

आईनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, मोबाईलबरोबर पाठवतो. चार्जिंगला लावून उशीखाली फोन ठेवत जाऊ नकोस.

तुझे,
अण्णा