निळ्या काचेबद्दल, सिग्नलकाकांना

आदरणीय सिग्नलकाका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून वाड्यावरची मुलं तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने लिहिते.

पावसाच्या तोंडावर कुडचड्याच्या एका भंगारवाल्याकडे मला ती बिडाची चौकट दिसली. दोन गोल खाचा, वरच्या खाचेत लाल काच, खालच्या खाचेत निळी. माझे आजोबा रेल्वेच्या मीटरगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, काळात सावर्डे आणि काले यांच्या मधल्या एका फाटकावर गेटमन होते, त्यामुळे हा खांबावर आडवा हात असलेल्या जुन्या सिग्नलचा तुकडा आहे एवढं मी ओळखलं आणि वजनावर घेऊन आले. पण निळी काच कुणीतरी चुकून बसवली असावी असं वाटलं. सिग्नल लाल, नाहीतर हिरवा. काचवाल्याला हिरव्या काचेचं माप देऊन झालं होतं. जुनी निघाली नाही तर फोडून काढ, असं मीच त्याला सांगितलं होतं.

हे तुमच्या कानावर गेलं आणि त्याच संध्याकाळी, गुडघे दुखत असताना, तुम्ही आमच्या घरी आलात. दिवे मालवायला लावलेत, रॉकेलची चिमणी पेटवलीत आणि चौकट ज्योतीपुढे धरलीत. निळी काच हिरवी झाली! "रॉकेलची ज्योत पिवळी, बाय. तिच्यापुढे निळी काच धरली की हिरवं दिसतं. साध्या हिरव्या काचेतून उजेड पिवळट आला असता आणि ड्रायव्हर फसला असता." दिवा खांबावर जागच्या जागी असतो आणि हात खाली पडला, म्हणजे गाडीला वाट मोकळी झाली, की चौकट वर सरकून निळी काच दिव्यापुढे येते, हे तुम्ही मनगट वळवून दाखवलंत. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा होतो, म्हणजे गाडी थांबतेच. हे मला फार आवडलं.

पण खरे आभार मानायचेत ते किल्लीबद्दल. फाटक बंद करून कुलूप घातल्याशिवाय किल्ली निघत नाही, ती किल्ली लावल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि सिग्नल परत आडवा केल्याशिवाय किल्ली सुटत नाही, असं तुम्ही सांगितलंत. काका, आमच्या घरात एक जुनी अढी आहे. एका लग्नात नवरदेवाची गाडी फाटकावर अडकली, मुहूर्त टळायची वेळ आली आणि आजोबांनी फाटक उघडलं नाही. ‘आपल्या माणसांसाठीसुद्धा नाही’ म्हणून आजीच्या माहेरचे कित्येक वर्षं बोलले नाहीत. अडेलतट्टू ही त्यांची ओळख मीही लहानपणापासून ऐकत आले. सिग्नल पडलेला असताना किल्ली त्यांच्या हातात नव्हतीच, हे मला तुमच्यामुळे कळलं. आजोबांनी ते कधी कुणाला समजावलंही नाही.

१८८८ मध्ये गोव्यातल्या मुरगावपासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत पोचलेली ही लाइन. १९९० च्या दशकात ती ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली, आणि त्या सुमारास आमच्याकडच्या सिग्नलचे हात उतरले. इतक्या वर्षांच्या कामातलं माझ्या हाती आलं ते एवढंच, आणि त्यातलीही एक काच मी फोडायला निघाले होते. तुम्ही वेळेवर आलात.

चौकट आता पडवीत टांगली आहे. गंज तुम्ही सांगितल्याप्रमाणे रॉकेलच्या बोळ्याने काढला, रंग मात्र दिला नाही. परवा तिन्हीसांजेला मागे चिमणी लावून ती वर सरकवली. आजी तुळशीपाशी होती. हिरवा उजेड बघून ती वळली आणि सवयीने म्हणाली, "गाडी येता."

चवथीला नक्की या. लग्नातली ती मंडळीही यायची आहेत. किल्लीचं त्यांनाही एकदा सांगा, तुमच्या तोंडून.

आपली,
गेटमनची नात