‘कम सप्टेंबर’ वाजू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सनई-चौघडा असताना वरातीत ‘कम सप्टेंबर’सारख्या विलायती धुना कशाला, असं विचारणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. सनईबद्दल दुमत नाही. पण साठ वर्षं नांदलेल्या घरजावयाकडे आता जन्मदाखला मागण्यासारखं हे झालं.

‘कम सप्टेंबर’ हा १९६१चा हॉलिवूडपट. रॉक हडसन, जीना लोलोब्रिजिदा आणि इटलीतलं चित्रीकरण. शीर्षकधून बांधली ती त्यात दुय्यम भूमिका करणाऱ्या गायक बॉबी डॅरिननं. याच चित्रीकरणात त्याची त्यातल्याच नटी सँड्रा डीशी गाठ पडली आणि सिनेमा लागायच्या आधीच दोघांचं लग्नही उरकलं. म्हणजे ही धून जन्मतःच लग्नघरची! पुढे बिली व्हॉनच्या वाद्यवृंदानं ती जोडीच्या सॅक्सोफोनवर वाजवली. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डशौकिनांच्या कानात असते ती बहुधा हीच.

बँडवाल्यांनी मात्र तिचं वेगळंच काही केलं. शब्द नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही. तुकडे छोटे, मधे दम घ्यायला जागा. चालता चालता फुंकणाऱ्याला आणखी काय हवं? त्या मोकळ्या जागेत साइड ड्रम आणि खुळखुळा घुसतात आणि रेकॉर्डवर कुठेच नसलेला ठेका उभा राहतो. आपल्या नाशकात भद्रकालीच्या गल्लीत क्लॅरिनेटवाला शेवटचा सूर जो ताणतो, तो डॅरिनच्या स्वप्नातही आला नसेल. मे महिन्याचं ऊन, अंगावर जरीचा कोट, आणि वाजतंय काय, तर सप्टेंबर!

१९९५च्या ‘राजा’मध्ये नदीम-श्रवण यांनी याच चालीवर ‘नजरें मिली दिल धडका’ केलं. तेव्हापासून पोरं ‘माधुरीचं वाजवा’ म्हणतात. बँडमास्तर मान डोलावतो आणि त्याचे वडील वाजवायचे तेच वाजवतो.

परक्या चालीचं वावडंच असेल तर संगीत नाटकापासून सुरुवात करावी लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चाली मोकळेपणानं घेतल्या. छापील पदांच्या डोक्यावर मूळ चाल दिलेली असे, लपवाछपवी नव्हती. डॅरिनचं गाजलेलं गाणं ‘मॅक द नाइफ’ तरी कुठे त्याचं? ते नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या १९२८च्या जर्मन संगीतिकेतलं, आणि तिच्यावरूनच पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. कुणाचं काय, हे उकरायचं तरी कुठवर?

खरी अडचण दुसरीच आहे. डीजेच्या भिंतींपुढे बँडपथकांची कामं आटत चालली आहेत. गंगापूर रोडच्या लॉन्सवर बँड लागतो तो नवरदेव दारात पोचेपर्यंत. पुढे सगळा डीजेचा कारभार. महापालिकेनं कालिदास कलामंदिरात वर्षातून एक संध्याकाळ शहरातल्या बँडवादकांना द्यावी. बसून, पंख्याखाली, नीट माइक लावून त्यांना वाजवू द्यावं. निवेदकानं दर धुनेआधी मूळ रचनाकाराचं नाव घ्यावं आणि वाजवणाऱ्याचंही; वरातीत ते कुणी विचारत नाही. फुकट पास नकोत, आम्ही तिकीट काढून येऊ. तारीख सप्टेंबरातली चालेल, फक्त गणपतीचे दिवस टाळा. तेव्हा ही सगळी मंडळी कामावर असतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक