टॉवरइतकीच त्यामागची जोडणीही महत्त्वाची

‘मेळघाटात नवे मोबाइल टॉवर’ ही बातमी वाचली. निर्णय स्वागतार्हच आहे. पण टॉवर उभा राहिला म्हणजे इंटरनेट आले, असे होत नाही. आमच्याकडे मोबाइलवर फोर-जीची रेंज पूर्ण दिसते आणि रेशन दुकानात म्हाताऱ्या बाया इंटरनेटवर चालणाऱ्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवून ताटकळत बसतात. जिथे टॉवरला फायबर नाही, तिथे एका टेकडीवरची मायक्रोवेव्ह डिश दुसऱ्या टेकडीवरच्या डिशकडे डेटा पाठवते आणि त्या एका दुव्यावर पुढच्या सगळ्या गावांचा भार पडतो. ई-बँड (७१-७६ आणि ८१-८६ गिगाहर्ट्‌झ) ही अशाच डिशची, पण खूप जास्त फ्रिक्वेन्सीची नवी यंत्रणा सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत डेटा वाहते खरी, पण मुसळधार पावसात तिच्या लहरी क्षीण होतात, म्हणून तिचा पल्ला काही किलोमीटरच. शहरात ते भागते, चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात नाही. इथे लांब पल्ल्याला कमी फ्रिक्वेन्सीचे दुवे आणि जोडीला फायबरच हवे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट या गावोगावी फायबर नेण्याच्या सरकारी योजनेत ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहते. नवे टॉवर त्या फायबरला कधी जोडणार, हे प्रशासनाने टॉवरच्या यादीसोबतच गावनिहाय जाहीर करावे.

– एक वाचक, धारणी (जि. अमरावती)