पाणी विकणारा मोजणाराही हवा

मा. संपादक,

गिरणा धरण भरले की आमच्याकडे पहिली चर्चा आवर्तने, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, किती मिळणार याची असते. यंदा मात्र चहाच्या टपरीवर वेगळाच वाद रंगला. धरणातले पाणी विकण्याचा अधिकार नेमका कोणत्या खात्याकडे असावा? कोणी म्हणाले महामंडळाकडे, कोणी म्हणाले जिल्हाधिकाऱ्यांकडे. मी गिरणेच्या जामदा कालव्याच्या शेपटाचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरी, म्हणून बोलतो.

धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. भिजणारे बहुतेक शिवार जळगाव जिल्ह्यात. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी (अब्ज घनफूट). कालवे तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे, पिण्याचे आरक्षण जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत, आवर्तनाची चर्चा कालवा सल्लागार समितीत, पाणीपट्टीचे दर मुंबईतल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे. शेतीला किती आणि कारखान्याला किती, हा वाटा ठरवणे प्राधिकरणाच्या कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेले. इतकी दारे, पण माझ्या चारीत, म्हणजे कालव्यातून शेताकडे येणाऱ्या लहान पाटात, किती पाणी आले हे त्यांतल्या एकालाही सांगता येणार नाही.

कारण पाणी मोजलेच जात नाही. मी दोन एकर गव्हासाठी सात नंबरचा फॉर्म, म्हणजे पाणीमागणीचा अर्ज, भरला. आधी मागची थकबाकी वसूल झाली, मग अर्ज घेतला गेला. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर. पाणी पाटात दोन दिवस आले की अर्धी रात्र, पावतीला फरक पडत नाही. गेल्या रब्बीत दुसऱ्या आवर्तनाला मी रात्री अडीच वाजता बांधावर बॅटरी घेऊन उभा होतो. शेजारच्या आजी पलीकडून विचारत होत्या, "पाटनं पानी उनं का रे भो?" आले ते पहाटे, घोट्याएवढे, आणि माझ्या तिसऱ्या वाफ्यात जिरून संपले.

चारीच्या मुखाशी मोजणीचा सिमेंटचा गाळा आहे. त्यातल्या पट्टीवरचे आकडे गंजून गेलेत, मधोमध बाभळीचे रोप उगवले आहे. मी हातातली काठी बुडवून खूण करतो, तेवढेच आमचे मोजमाप. वरच्या बाजूला कालव्यात पाणी उपसायच्या मोटारी टाकलेल्या असतात. त्यातली एक माझ्या चुलतभावाची, हेही लिहितो. नाहीतर घरी गेल्यावर मलाच ऐकावे लागेल.

2005 साली दोन कायदे झाले. एकाने प्राधिकरण आले. दुसऱ्याने पाणीवापर संस्थांना, म्हणजे एका चारीवरच्या शेतकऱ्यांच्या संस्थांना, घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी घेण्याचा रस्ता दिला. माझे म्हणणे या दुसऱ्या कायद्यावर आहे. पाण्याची विक्री चारीच्या मुखापाशी संस्थेला व्हावी. खात्याने धरण व कालवा सांभाळून तिथपर्यंत ठरलेले घनमीटर पोहोचवावेत आणि तेवढ्याचेच बिल द्यावे. आतली वाटणी, वसुली, भांडणे संस्थेने बघावीत. दर आणि तक्रार प्राधिकरणाकडेच राहो. विकणारा व तक्रार ऐकणारा एकच असला की तक्रार कुठे जाते, ते आम्ही जाणतो.

पिण्याचे पाणी आधी, यावर वाद नाही. मालेगाव, चाळीसगावच्या नळाला पाणी मिळालेच पाहिजे. पण तिथेही मीटर असावा आणि बिल वेळेवर भरले जावे.

आमची संस्था नोंदली होती, निवडणूकही झाली, नंतर बसली. मोजून पाणी कधी मिळालेच नाही, मग पैसे कोणाला मागायचे? तरी संस्था चालत नाहीत असे कोणी म्हणाले की मला मामांचे साक्रीकडचे गाव आठवते. पांझरा नदीवर तिथे फड होता, म्हणजे गावानेच पाणी वाटून घेण्याची जुनी पद्धत. फडाचे पंच गावाने निवडलेले, पाणी सोडणारा पाटकरीही गावचाच. पाणी कमी असले तर सगळ्यांचेच क्षेत्र कमी व्हायचे, एकट्या शेपटाच्या माणसाचे नाही. मामा पाचवी शिकलेले होते आणि त्यांना कुठल्या वाफ्याला किती वेळ पाणी जाते ते तोंडपाठ होते.

या रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्याआधी निदान आमच्या चारीच्या मुखाची पट्टी नवी बसवावी, बाभूळ काढावी आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. एवढे झाले की माझ्या चुलतभावाची मोटार मीच बाहेर काढतो.

एक शेतकरी, जामदा कालवा, ता. भडगाव