ताई, माझंही बाळंतपण केलंत तुम्ही

ताई, तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की "घरातल्या माणसाला कसलं थँक्यू" म्हणून तुम्ही उठून चहा ठेवायला जाता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

बाकीच्यांना माहीत नाही म्हणून सांगते, ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, आणि मला एक्टोपिक झालं होतं, म्हणजे गर्भ पिशवीत न रुजता नळीतच रुजला. शंभरात एक-दोघींना होतं म्हणे. लवकर कळलं तर काही जणींचं मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागतं, मग बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन, पार खाली येईपर्यंत रक्त तपासत राहतात. माझी नळी फुटली होती. पोटात एका बाजूला दुखत होतं, चक्कर येत होती, आणि खांद्याच्या टोकाला अशी कळ की हात वर होईना, घरात सगळे मान अवघडली म्हणून बाम चोळत बसलेले. तुम्ही कराडहून फोनवर नुसतं ऐकलंत आणि म्हणालात, "पाळी चुकलीय ना तुझी? बाम ठेव तो बाजूला, भाऊजींना म्हणावं आत्ताच्या आत्ता गाडी काढा." पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो हे इतकी वर्षं आशा सेविका म्हणून गावातल्या बायकांना दवाखान्यात नेणाऱ्या तुम्हालाच माहीत. नंतर डॉक्टर म्हणाल्या अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. जीव वाचवलात ताई, हे एकदा नीट लिहायचं होतं.

सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरून थेट दवाखान्यात आलात आणि मला भेटायच्या आधी सिस्टरना विचारलंत, "ही बी निगेटिव्ह आहे, अँटी-डी दिलं का?" रक्तगट निगेटिव्ह असला की पुढच्या गरोदरपणात त्रास होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत द्यावं लागतं ते इंजेक्शन, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

पण खरे आभार त्यानंतरचे. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर तीन छोटी भोकं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं अपेंडिक्ससारखंच आहे, आठवड्यात ऑफिसला जाईल. मांडीवर बाळ नाही म्हणजे बाळंतीण नाही, मग हिला नक्की काय झालंय हेच कुणाला कळेना. तुम्ही सासूबाईंना स्पष्ट सांगितलंत, "आई, हिचं बाळंतपणच झालंय, सव्वा महिना हिला कुणी कामाला लावायचं नाही." आणि खरंच सगळं केलंत, अळिवाची खीर, मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, रक्ताची गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा तासभर लांब. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्याने फासळ्यांपासून खांद्यापर्यंत दुखायचं तेव्हा हात धरून गॅलरीत फेऱ्या मारायला लावल्यात. टाक्यांना तेल लागू द्यायचं नाही हे डॉक्टरांना विचारून घेतलंत आणि मग पायांना, डोक्याला चोळलंत, आणि डोक्याला तेल लावताना मी पहिल्यांदा मोठ्याने रडले तर "रडू नको" म्हणाला नाहीत, हात तसाच चालू ठेवलात.

छाती तेव्हाही जड होती, दुखायची. मला स्वतःच्या शरीराचा इतका राग यायचा, सगळं संपलं तरी याला कळत कसं नाही. तुम्ही सांगितलंत की हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, त्याला सावकाश कळतं.

आणि ते फोन! पपई खाल्ली का, स्कूटीवर फिरली का, जड उचललं असेल. तुम्ही माझ्या हातातून फोन घेऊन म्हणायचात, "गर्भ नळीत अडकला, त्यात तिने काय खाल्लं नि कशावर बसली याचा काय संबंध?" हे मला स्वतःला पटायला फार वेळ लागला, पण तुम्ही म्हणत राहिलात म्हणून पटलं. ह्यांना सुद्धा तुम्हीच बसवून सांगितलंत, "भाऊजी, तुमचंही गेलंय," तोपर्यंत तो बिचारा नुसता औषधं आणि बिलं बघत फिरत होता. नणंदेच्या डोहाळजेवणाला मला जाववेना तर माझ्या वतीने ओटी तुम्ही भरून आलात आणि घरी कुणी त्यावर एक शब्द काढला नाही, तुम्ही काढू दिला नाहीत हे मला माहितीये.

पुढच्या वर्षी पाळणा हलेल असं एकदाही म्हणाला नाहीत त्याबद्दल वेगळं थँक्यू. डॉक्टर म्हणाल्यात एका नळीवरही दिवस राहतात, फक्त परत असं व्हायची शक्यता दहात एक असते म्हणून पुढच्या वेळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करायची. ते बघू तेव्हा. रात्री झोप लागत नाही म्हटल्यावर टेलीमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून दिला होतात ना, लावला मी, मराठीतच बोलल्या त्या बाई, बरं वाटलं बोलून.

आता एक काम. आमच्या ऑफिसातल्या एकीचं मागच्या आठवड्यात हेच झालंय, इंजेक्शनवर आहे, आणि ती सुद्धा स्वतःलाच दोष देत बसलीय. तुमचा नंबर दिलाय तिला. संध्याकाळी फोन करेल, उचला हं.

तुमची धाकटी जाऊ