कुंपण घालण्याआधी बांधावर कॅमेरा लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हरभरा वर आला की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत जंगलाला लागून शेती असलेल्या शेतकऱ्याची झोप उडते. सकाळी शेंडे खुडलेले दिसतात आणि ‘हरणं येऊन गेली’ यापलीकडे काही सांगता येत नाही. पण कुंपण कोणते घालायचे हे जनावर कोणते यावर ठरते. रानडुक्कर तारेखालून घुसते, चितळ वरून उडी घेते, रोही (नीलगाय) अंगाच्या जोराने तारा वाकवून आत येतो. जनावर न ओळखता तारेवर पैसे घालणे म्हणजे ते पाण्यात घालणे. तारेत थेट वीज सोडणे तर गुन्हाच आहे आणि त्यात वाघ मरतात, तशी माणसेही मरतात. म्हणून आमचे म्हणणे असे की आधी बांधावर ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावावा, आठ-दहा रात्री पाहावे आणि मग खर्चाचे ठरवावे.

हे कॅमेरे आता ऑनलाइन सहज मिळतात आणि बरेच शेतकरी ते घेतातही. पण अनेकांच्या कार्डात रात्रीचे म्हणून निघते ते पांढरेफेक गवत, काळी चौकट नाहीतर लांबवर चमकणारे दोन डोळे. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, तो लावण्याच्या पद्धतीचा असतो.

कॅमेऱ्याच्या तोंडावर पांढरट प्लास्टिकची छोटी खिडकी असते. तिच्यामागचा सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. गरम अंगाचे जनावर सेन्सरसमोरून आडवे गेले की तो लगेच जागा होतो, सरळ त्याच्याकडे चालत आले तर उशिरा. त्यामुळे कॅमेरा जनावराच्या वाटेला तिरपा, साधारण ४५ अंशांत लावावा. अगदी काटकोनात लावला तर भरभर जाणाऱ्या चितळाचे नुसते ढुंगण फोटोत येते. वाटेपासून अंतर चार-पाच मीटर पुरे. दोन मीटरच्या आत जनावर आले तर रात्रीच्या फोटोत ते पांढरे पडते. खोक्यावर वीस-पंचवीस मीटरचा पल्ला छापलेला असला तरी जनावर ओळखू येईल असा फोटो दहा-बारा मीटरपर्यंतच मिळतो. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी जमीनच तापलेली असते, जनावराच्या अंगाचा आणि मागच्या ढेकळांचा फरक कमी होतो आणि सेन्सर चुकतो. तेव्हा सेन्सरची तीव्रता ‘हाय’वर ठेवावी. हिवाळ्यात ‘मीडियम’ पुरते.

उंचीबाबत गोंधळ होतो तो व्याघ्रगणनेचे फोटो पाहून. २०१८च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१. तिथे कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. चितळ-सांबरासाठी जोडीची गरज नाही. एकच कॅमेरा जमिनीपासून ७५ ते ९० सेंटिमीटरवर, किंचित खाली झुकवून लावावा. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लावला तर नुसती पाठ दिसते आणि डुक्कर आले की सेन्सरखालून निघून जाते.

जागा निवडताना बांधावरून चालत खूर पाहावेत, काटेरी तारेला अडकलेले केस पाहावेत, कुठे गवत दबले आहे ते पाहावे. कळप सहसा ठरलेल्या एक-दोन फटींतूनच येतो-जातो. कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे असावे. पूर्वेला-पश्चिमेला केले की उगवता-मावळता सूर्य सेन्सरला फसवतो आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरते. बारीक खोडाला बांधू नये, वाऱ्याने ते डोलते आणि तोच त्रास होतो. लोखंडी खांब उत्तम.

समोरचे दोन-तीन मीटर गवत मात्र विळ्याने मुळापासून काढावे. रात्रीचा प्रकाश जवळच्या काडीवर पडतो, ती पांढरी होते, कॅमेरा त्या उजेडाचा हिशेब धरून बाकीचे चित्र काळे करतो. एक वाळकी काडी पूर्ण रात्र वाया घालवू शकते. काचेवर कोळ्याने जाळे विणले तरी तसेच होते. रबरी पट्टी नीट बसलेली नसेल तर मुंग्या आत घर करतात. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

रात्रीच्या दिव्यांचे प्रकार तीन. पांढरा फ्लॅश रंगीत फोटो देतो, पण कळप बुजतो आणि जागा बदलतो, मग आपला सगळा खटाटोप फुकट. बाकीचे दोन इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे. त्यांतले ८५० नॅनोमीटरचे (हे प्रकाशाच्या लहरीचे माप) दिवे लांब पोचतात, मात्र पेटताना मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे माणसाला दिसतच नाहीत. पल्ला कमी, फोटोही थोडा दाणेदार. शेतासाठी आम्ही ९४०चाच सल्ला देऊ. चोराच्याही नजरेत तो येत नाही.

‘दिवसाचे फोटो छान, रात्रीचे काळे’ ही तक्रार बहुधा सेलची असते. दिवे पेटवायला एकदम जास्त करंट लागतो. दीड व्होल्टचे आठ सेल मिळून १२ व्होल्ट देतात, साधे रिचार्जेबल १.२ व्होल्टचे, म्हणजे ९.६च. काही कॅमेरे त्यावर चालतात, काहींचे दिवे मंदावतात. माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. उलट दिवसाचे फोटो गुलाबी येत असतील तर दिवसा इन्फ्रारेड प्रकाश अडवणारा आतला फिल्टर रात्रीच्या जागी अडकला आहे असे समजावे. रात्रीच्या कामाला त्याने बाधा येत नाही.

कार्ड ३२ जीबीचे पुरते, पण ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. खोक्यावरचे मोठमोठे मेगापिक्सेल बहुतेक सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात, ८ मेगापिक्सेलवर ठेवले तरी काही बिघडत नाही. एका हालचालीला तीन फोटो आणि मग १५ ते ३० सेकंदांची विश्रांती, असे ठेवले की कळपात किती जनावरे आहेत याचा अंदाज येतो. व्हिडिओ सेल खातो. तारीख-वेळ २४ तासांच्या पद्धतीने लावावी आणि सेल बदलल्यावर पुन्हा तपासावी. निघण्यापूर्वी ‘टेस्ट’वर ठेवून एकाने जनावराच्या उंचीला वाकून समोरून जावे, दुसऱ्याने दिवा लुकलुकतो का ते पाहावे.

ओळखीच्या खुणा रात्रीच्या कृष्णधवल फोटोतही मिळतात. चितळाचे ठिपके दिसतात. सांबर एकरंगी, मोठ्या कानांचे, मानेवर राठ केस. रोह्याची पाठ खांद्याकडून मागे उतरत जाते. भेकर जेमतेम शेळीएवढे.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. कॅमेऱ्यापुढे मीठ, ढेप, धान्य काहीही टाकू नये. हरणे जमली की त्यांच्यामागे बिबट्या-वाघ येतो. कार्ड काढायला पहाटे किंवा संध्याकाळी जाऊ नये, भरदुपारी दोघांनी जावे. कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावावा. अभयारण्यात शिरायला आणि फोटो काढायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२नुसार परवानगी लागते. बायाबापड्या ज्या वाटेने जातात तिकडे तोंड करू नये. वाघ किंवा फासे घेऊन फिरणारी माणसे फोटोत आली तर ते व्हॉट्सअॅपवर न फिरवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पीक नुकसानीची तक्रार वन विभागाकडे तीन दिवसांच्या आत द्यावी लागते. तोवर पाऊस झाला किंवा पाळी घातली की खुरांच्या खुणा पुसल्या जातात. अशा वेळी तारीख-वेळ असलेला फोटो पंचनाम्याला जोडून घ्यावा, अशी आमची वन विभागाला विनंती आहे. दुसरी विनंती, व्याघ्र प्रकल्पांच्या बफर (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातील) गावांत जन-वन विकास योजना चालते, तिच्यातून प्रत्येक गावाच्या समितीला तीन-चार कॅमेरे द्यावेत. शेतकऱ्यांनी ते पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस वापरावेत आणि गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला ते लावण्याचे शिक्षण मिळावे. कार्ड तेवढे ज्याचे त्याचे असावे, म्हणजे मूळ फोटो शेतकऱ्याच्याच हाती राहतील.

आपले,
काही वाचक, भद्रावती (जि. चंद्रपूर)